‘मन’ हे पुस्तक परत करावे

माझ्या आत्याची प्रेमकथा सुरू झाली ती एका शब्दकोशाचे दोन तुकडे पडले तिथून. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः तिथे होते! नऊ वर्षांची होते, सर्दी झाली होती, एका हाताने आत्याची पिशवी धरून दुसऱ्याने नाक पुसत होते — पण होते.

संध्याकाळची वेळ. पाऊस असा भुरभुर, की छत्री उघडावी तर लोक हसतील आणि न उघडावी तर केस भिजतील. आत्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड शब्दकोश घेतला होता आणि तो छातीशी धरून ती चालली होती, झोपलेलं बाळ धरावं तशी. बाइंडिंगच्या दुकानासमोर आलो आणि त्या म्हाताऱ्या पुस्तकाचा दम संपला. फट्! ‘अ’ ते ‘न’ आत्याच्या हातात राहिले, ‘प’ ते ‘ज्ञ’ रस्त्यावर.

दुकानातून एक उंच माणूस धावत आला. बोटांना खळ लागलेली, कानावर पेन्सिल. त्याने खाली पडलेला भाग उचलला, शर्टाच्या बाहीने त्यावरचं पाणी टिपलं… आपल्या डोक्यावरही पाऊस पडतोय याचं त्याला भान नव्हतं.

“अर्धा माझ्याकडे आहे,” तो म्हणाला.

आत्या नुसती बघत राहिली. माझी आत्या! ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासते. ‘वरची ओळ वाचा, आता खालची, डोळे बारीक करू नका हो’ — दिवसभर तिची टकळी चालू असते. तिला एक शब्द सुचेना.

“जोडून देतो,” बाइंडर म्हणाला. “कधी हवंय?”

“घाई नाही,” आत्या म्हणाली. आणि अशी काही गडबडली, की हातातला अर्धा भाग त्याला द्यायचाच विसरली. ‘प’ ते ‘ज्ञ’ त्याच्या दुकानात, ‘अ’ ते ‘न’ आमच्या घरात!

मग काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. बिच्चारी.

त्याला सहा वर्षं झाली. मी नऊची पंधराची झाले. मागच्या महिन्यात शाळेच्या स्टेजवर पाच मिनिटं न अडखळता बोलले, तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की जगातली कुठलीही अडचण तोंड उघडलं की सुटते. पण आत्या आणि बाइंडरकाका? सहा वर्षांत त्या दोघांचं बोलणं दोन वाक्यांच्या पुढे सरकलं नव्हतं.

“कधी हवंय?”

“घाई नाही.”

बस्स. पुस्तक द्यायचं, आठवड्याने आणायचं, महिन्याभराने नवं द्यायचं.

आणि आता तर आत्या निघाली होती. तिच्या दुकानाची दुसऱ्या गावात नवी शाखा उघडत होती, दोन तासांवर, आणि ती सांभाळायला आत्याला निवडलं होतं. किती छान! सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण तिथे तिला मिळणार होती एकच खोली, एकच कपाट. तीनशे पुस्तकं मावतील, जास्त नाहीत. आणि आत्याकडे किती होती? तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“हजारेक असतील,” ती म्हणाली.

“हजारेक?” बाबा म्हणाले. बाबा म्हणजे तिचा मोठा भाऊ, त्यांना टोमणे मारायचा जन्मसिद्ध हक्क आहे. “अगं, परवा मी मोजे शोधायला खण उघडला, तर आत प्रवासवर्णनं!”

म्हणून मी पुढे झाले. कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घेतलं, घरच्या पुस्तकांची यादी करायचं. इतकं गोड आहे ते! पुस्तकामागचा बारकोड फोनला दाखवायचा, की ‘टिंग!’ — नाव, लेखक, मुखपृष्ठ, सगळं आपोआप यादीत. मग आपण फक्त भरायचं: पुस्तक कुठल्या कपाटात आहे, स्थिती कशी आहे — उत्तम, बरी की खराब — कधी घेतलं, आणि कोणाला वाचायला दिलं असेल तर कोणाला.

तीन रविवार आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलो. आत्या पुस्तक पुसायची, उघडून हुंगायची, पहिल्या पानावरची घेतल्याची तारीख वाचून सांगायची, मी टिंग करायचे. टिंग, टिंग, टिंग! मध्येच टिंग बंद पडायचं.

“याला बारकोड नाही.”

“ते बांधून घेतलंय गं. पुठ्ठा बदलला की बारकोड जातो.”

“याला पण नाही.”

“ते पण बांधलंय.”

“आणि हे?”

“भिंगरे, तू टाइप कर ना मुकाट्याने!”

भिंगरी म्हणजे मी. टाइप केलं. काकांनी बांधलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक पेन्सिलीने तारीख असते, तीही भरली. यादी पूर्ण झाली तेव्हा एकूण आकडा आला चौदाशे बारा. बाबांनी पंख्याकडे बघून सुस्कारा सोडला. आणि मी, सहज म्हणून हं, सॉफ्टवेअरला विचारलं, की बारकोड नसलेली दाखव, घेतल्याची तारीख आणि बांधल्याची तारीख शेजारी शेजारी ठेव.

एकाहत्तर पुस्तकं. त्यातली अठ्ठावन्न विकत घेतल्यापासून महिन्याच्या आत बांधलेली!

“आत्या,” मी म्हटलं, “हे पक्ष्यांचं पुस्तक तू तीन मार्चला घेतलंस.”

“असेल.”

“अकरा मार्चला बांधून आलं. नवंकोरं पुस्तक आठ दिवसांत फाटतं?”

“पुठ्ठा कमकुवत होता.”

“आणि हे? एकवीसला घेतलं, चोविसाव्या दिवशी—”

“शिवण ढिली होती.”

“अठ्ठावन्न पुस्तकांची शिवण ढिली होती?”

आत्याने चष्मा काढला आणि पुसायला लागली. चष्मा स्वच्छ होता. कानाच्या पाळ्या मात्र… लालबुंद!

“धुंडाळत बसू नकोस उगाच,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी मी जाणार आहे. आता कशाला ते?”

‘आता कशाला ते’ असं ती इतकं हळू म्हणाली, की माझं हसू तिथल्या तिथे विझलं. पंधरा दिवस. ती जाणार, तो तिथे खळ कालवत बसणार, आणि दोघंही आयुष्यभर ‘घाई नाही’ म्हणत राहणार. छे! माझ्या जिवाला घोर लागला.

पण पुढे जे झालं ते मी मुद्दाम नाही केलं. शप्पथ!

आत्याची एक जुनी वही आहे, कोणी कुठलं पुस्तक नेलं त्याची. तीन रकाने: पुस्तक, कोणाला दिलं, तारीख. परत आलं की बरोबरची खूण. ती म्हणाली, खूण नसलेली सगळी यादीत टाक आणि लोकांना आठवण पाठव, जाण्याआधी गोळा करू. मी टाकली. अकरा निघाली. दातांच्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाचं पुस्तक, बाबांच्या मित्राकडे समुद्रावरची कादंबरी, आणि वहीच्या अगदी पहिल्या पानांपैकी एकावर —

मन. बाइंडरना. १९ ऑगस्ट.

असतात ना अशी एकेका शब्दाच्या नावाची पातळ पुस्तकं? कवितांची वगैरे? मी टाइप केलं. लेखकाचा रकाना मोकळा सोडला. आणि ‘सर्वांना आठवण पाठवा’ असं बटण होतं, ते दाबलं.

बाइंडरकाकांच्या फोनवर गेला तो मजकूर जसाच्या तसा असा:

‘आमच्या संग्रहातून आपण नेलेले “मन” हे पुस्तक सहा वर्षे होऊनही परत आलेले नाही. कृपया आठ दिवसांत परत करावे. पुस्तकाची स्थिती कळवावी: उत्तम / बरी / खराब.’

अर्ध्या तासात डॉक्टरांचं उत्तर आलं, ‘पुस्तकावर आमटी सांडली आहे, नवं देतो.’ मग काकांचं: ‘शोधतो.’ मग रात्री जेवताना पुन्हा: ‘या नावाचं पुस्तक माझ्याकडे आलेलं आठवत नाही. तरी सगळं दुकान बघून सांगतो. माफ करा.’

“कोणाचं गं?” आत्याने विचारलं.

“बाइंडरकाकांचं. ते ‘मन’ त्यांना सापडत नाहीये.”

आत्याचा घास हातातच राहिला.

“काय सापडत नाहीये?”

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा आधी पांढरा, मग गुलाबी, मग कुठलाच रंग नसलेला.

“भिंगरे,” ती म्हणाली, “ते… पुस्तक नाहीये.”

बाबांना जोराचा ठसका लागला. खरा होता की खोटा, अजून कळलेलं नाही.

“पुस्तक नाही? मग काय आहे?” मी विचारलं — आणि विचारता विचारताच मला कळलं. एकोणीस ऑगस्ट. शब्दकोश. भुरभुर पाऊस!

“अगं, शब्दकोशाचा अर्धा भाग त्यांच्याकडे राहिला होता ना,” आत्या घाईघाईने म्हणाली, “‘प’पासून पुढचा. त्यात ‘म’ होता. म्हणून आपलं नोंद म्हणून…”

“मग ‘मांजर’ का नाही लिहिलंस? ‘मीठ’? ‘मच्छर’?”

आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं हसतेय. बोटं बाजूला झाली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

“हसतील गं ते. आता कुठल्या तोंडाने जाऊ तिकडे? शब्दकोश पुन्हा शिवायला दिलाय, तो तूच आण. आणि हे बघ, एक अक्षर बोलायचं नाही. माझं आहे ते. मी सांगेन नाहीतर नाही सांगणार.”

एक अक्षर बोलायचं नाही. मला!

तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर मी गेले. आणि दारातच थांबले. दुकान उलटंपालटं झालं होतं. फळ्या रिकाम्या, पुस्तकांचे ढीग जमिनीवर, कापडाच्या पट्ट्या एकीकडे, पुठ्ठे दुसरीकडे, आणि मधोमध बाइंडरकाका, केसांत धूळ, डोळे लाल.

“ये,” ते म्हणाले. “नाही सापडलं. माळासुद्धा बघितला. माझ्या वडिलांपासूनचं दुकान आहे, आजवर गिऱ्हाइकाचं पान हरवलेलं नाही. आणि हरवावं तर त्यांचंच…”

‘त्यांचंच’ म्हणताना आवाज कसा झाला, ते मला लिहिता येत नाही. प्रयत्न करून बघितला.

“केवढं होतं?” त्यांनी विचारलं. “जाड? पातळ?”

“मला वाटतं… बरंच मोठं आहे, काका.”

“लेखक कोण?”

मी जीभ चावली. अक्षरशः चावली, दुखली! स्टेजवर पाच मिनिटं बोलणं सोपं असतं हो. गप्प राहणं किती कठीण असतं, ते त्या दिवशी कळलं. आत्याने तर बजावलं होतं. पण तारीख सांगायला कोणी मनाई केली नव्हती, नाही का?

“तुमच्या वहीत बघा ना. एकोणीस ऑगस्ट. सहा वर्षांपूर्वीचा.”

त्यांनी खालच्या कप्प्यातून एक जुनी वही काढली, पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. मी समोरून, उलटं वाचलं. मला उलटं वाचता येतं, वर्गात फार कामी येतं.

‘शब्दकोश. अर्धाच आला. बाई उद्या पुन्हा येतील.’

आणि त्याखाली, वेगळ्या, बारीक अक्षरात: ‘येवोत.’

काका त्या ओळीकडे बघत राहिले. मग फोन काढून तो मजकूर पुन्हा वाचला. मग वही. खळीचा ब्रश हातात होता, त्याचा एक थेंब टपकन पडला, तेही त्यांना कळलं नाही.

“त्या दिवशी,” ते अगदी सावकाश म्हणाले, “त्यांनी मला दुसरं काहीच दिलं नव्हतं.”

मी छताकडे बघितलं. एक अक्षर बोलले नाही.

“त्या नव्या शाखेवर जाणार असं ऐकलंय. इथल्या दुकानातला त्यांचा शेवटचा दिवस कधी?”

“शुक्रवारी. साडेसहाला बंद होतं.”

त्यांनी शब्दकोश माझ्या हातात ठेवला आणि मी निघण्याआधीच पुठ्ठा कापायला घेतला. सारख्या मापाचा, नीट.

शुक्रवारी मी शाळेतून थेट आत्याच्या दुकानात. खोकी उचलायला मदत हवी होती, खरंच! सव्वासहा वाजले. सहा वीस. आत्या अक्षरांचा तक्ता पुसत होती, आणि दाराची घंटा वाजली.

केस विंचरलेले, कानावर पेन्सिल नाही, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सहा वर्षांत ते पहिल्यांदा या दुकानात येत होते.

“नंबर तपासायचाय,” ते म्हणाले.

मी चष्म्यांच्या फिरत्या स्टँडमागे सरकले. चाळीस चष्म्यांमधून मला चाळीस आत्या दिसत होत्या, आणि चाळीसच्या चाळीस घाबरलेल्या.

“बसा,” आत्या म्हणाली. “वरची ओळ वाचा.”

वाचली.

“खालची.”

वाचली. त्याखालची वाचली. अगदी तळाची, मुंगीएवढी — तीही वाचली.

“तुमच्या डोळ्यांत काहीच बिघाड नाही,” आत्या म्हणाली. आवाज कडक करायला गेली आणि तो मध्येच फाटला.

“तुमच्या पुस्तकांतही नव्हता,” काका म्हणाले. “तरी बांधली ना मी?”

आत्याच्या हातातलं फडकं टेबलावर पडलं.

“म्हणजे… ठाऊक होतं तुम्हाला?”

“पुस्तकं धडधाकट आहेत, एवढं कळायचं. का आणताय ते विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि तुम्ही आणायची बंद केलीत तर?” त्यांनी खाली बघितलं. “लांबचं स्पष्ट दिसतं मला. जवळचं दिसायलाच सहा वर्षं लागली.”

मग त्यांनी तो कागद सोडला. आत एक पुस्तक होतं. निळं कापड, हाताने शिवलेलं, पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच शब्द. मन.

“वाचायला नेलेलं पुस्तक हरवलं, तर तुमचा नियम काय?”

“हरवलं तर… बदली प्रत द्यावी लागते,” आत्या म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

“हरवलं नाहीये. सापडलं. पण परत देणार नाही.” त्यांनी पुस्तक तिच्यासमोर सरकवलं. “म्हणून बदली प्रत आणलीय. ही माझी.”

आत्याने पहिलं पान उघडलं. पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘स्थिती: बरी. याआधी कोणाला दिलेली नाही.’

पुढची सगळी पानं कोरी.

“भरायची आहेत,” काका म्हणाले. “तुम्ही म्हणाल तर, दोघांनी मिळून.” ते थांबले. आणि मग, सवयीने म्हणा, घाबरून म्हणा, त्यांच्या तोंडून तेच जुनं वाक्य निघालं. “कधी हवंय?”

आत्याने तक्त्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. चाळीस चष्म्यांमधून माझ्याकडेसुद्धा बघितलं.

“घाई आहे,” आत्या म्हणाली.

आणि स्टँड पडला. माझ्यामुळे. चाळीस चष्मे! मी काय करू, आनंदाने उडी मारली तर वर जागा नको?

आत्या गेली नाही असं नाही हं. गेली. नवी शाखा तिची आहे, तिने कमावलेली, आणि काकांनीच तिला म्हटलं, की जा, दोन तासांचा तर रस्ता आहे. तीनशे पुस्तकं तिच्याबरोबर गेली. उरलेली अकराशे बारा बाइंडिंगच्या दुकानावरच्या माळ्यावर. दर सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी काका बसने जातात, चार पुस्तकं पोचवतात आणि वाचून झालेली चार परत आणतात. मी हिशोब केला: या वेगाने सगळी पोचायला पाच वर्षं चार महिने लागतील. लग्न त्याआधी करा, म्हटलं.

“एवढी पुस्तकं ठेवायला जागा असलेला मेहुणा मिळाला,” बाबा म्हणाले. “आता माझे मोजे मला सापडतील.”

पण शेवट हा नाही. शेवट तिच्या जाण्याच्या आदल्या रविवारचा आहे. काका खोकी बांधत होते, गाठ अशी मारत होते की सुटायची काय बिशाद! आत्या नावं लिहीत होती आणि मी शेवटचं पुस्तक यादीत टाकत होते. ते निळं. ते टाकायलाच हवं होतं ना? नाव लिहिलं. मन. लगेच स्क्रीनवर चौकट आली:

‘या नावाचे पुस्तक आपल्या संग्रहात आधीच आहे. दुसरी प्रत जोडायची का?’

खाली दोन बटणं. हो. नाही.

“आतोबा!” मी मोठ्यांदा हाक मारली. पहिल्यांदाच! आत्याने चष्म्याचं फडकं फेकून मारलं, पण नेम चुकला, कारण ती हसत होती. “आतोबा, जोडू का?”

ते कानापर्यंत लाल झाले. दोरी दातांत धरलेली होती, ती काढली.

“जोड,” ते म्हणाले. “माझं कामच ते आहे.”

मी ‘हो’ दाबलं. बारकोड नव्हता, म्हणून ‘टिंग!’ मी तोंडानेच केलं.